रविवारची उपासना, सामना आणि इन्स्टाग्राम

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि कबड्डी खेळतो. सामने बहुधा रविवारी सकाळी, चर्चमधील उपासनेच्या वेळीच असतात. शिवाय विजयानंतर इन्स्टाग्रामवर बायबलमधील वचनासह छायाचित्र टाकले, की मित्र त्याला दिखावा म्हणतात. मी काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्या शर्यतीत भाग घेतला नाही आणि ४०० मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले, हे उदाहरण आपल्याला अनेकांनी ऐकवले असेलच. त्यात एक गोष्ट मात्र सहसा सांगायची राहते : वेळापत्रक काही महिने आधीच कळल्यामुळे त्यांचा निर्णयही आधीच झाला होता. आपणही हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकांशी आणि चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोलावे. शब्बाथ (आठवड्यातील विश्रांतीचा पवित्र दिवस) मनुष्यासाठी झाला, असे येशूने सांगितल्याचे बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे; त्यामुळे एखाद्या अंतिम सामन्याच्या दिवशी संध्याकाळच्या उपासनेला गेल्यास श्रद्धा उणावते, असे मला वाटत नाही. (आपल्या पाळकांचे मत वेगळे असू शकेल.)

छायाचित्राबाबत मी थोडा कठोर आहे. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. वचन टाकण्यास हरकत नाही. परंतु ते केवळ विजयाच्याच दिवशी दिसत असेल, तर मित्रांचा आक्षेप रास्त आहे. तूर्त पुढच्या विजयानंतर फक्त संघाचे छायाचित्र टाकावे आणि खाली राखीव खेळाडूंसह सर्वांची नावे लिहावीत.