लिनक्स टाकल्यावर रॅम भरलेली का दिसते?

८ जीबी रॅम, नवं लिनक्स मिंट, उघडा फक्त ब्राउझर, आणि टर्मिनलमध्ये फ्री कमांड दिली तर 'फ्री'खाली जेमतेम ३०० एमबी. घाबरू नका, रॅम कुठेही गळत नाहीये.

तुम्ही पाहताय तो रकाना चुकीचा आहे. त्याच ओळीत शेवटी 'अव्हेलेबल' आहे, तो बघा. तिथे बहुधा ४-५ जीबी दिसतील. तुम्ही उघडलेल्या फाइल्स लिनक्स रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं, म्हणजे पुन्हा लागल्या की डिस्कपर्यंत जावं लागत नाही. तोच 'बफ/कॅश'चा आकडा. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की यातली बरीचशी लगेच मोकळी होते. सगळी नाही, कारण शेअर्ड मेमरी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती रॅमही, त्यातच मोजली जाते. हाच घोळ मिटावा म्हणून २०१४ साली लिनक्सच्या कर्नल (गाभा) ३.१४ मध्ये 'अव्हेलेबल'चा वेगळा अंदाज देणं सुरू झालं.

दर तासाला कॅश रिकामी करणारी स्क्रिप्ट लावा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कृपया लावू नका. त्याने आकडा छान दिसतो, पण प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते आणि लॅपटॉप उलट मंदावतो. हे नव्या लोकांना सर्रास सांगितलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्वॅप, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा, थोडा वापरलेला दिसला तरी चालतं. 'अव्हेलेबल' अगदी तळाला गेलं, डिस्क सतत चालू राहिली आणि माउसही अडखळू लागला, तर मात्र रॅम खरंच कमी पडतेय. तेव्हा आधी ब्राउझरचे टॅब बंद करून बघा.