पगार कमी पडतो म्हणजे मी कमी पडतो का?

"मुलाला नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, साहेबांची काही तक्रार नाही, तरी पगार कमी म्हणून व्हिसा वाढणार नाही, असे तो सांगतो. हे खरे असते का हो?" हा प्रश्न अलीकडे मला इतक्या वेगवेगळ्या घरांतून विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटू लागले. बडोद्यात अलकापुरी आणि फतेगंज भागांत परदेशी शिक्षणाच्या आणि व्हिसाच्या पाट्या दाटीने लागलेल्या आहेत, आणि दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग येथील मराठी घरांतून एखादे मूल ब्रिटनला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेले असणे आता नवलाचे राहिलेले नाही. तिथे पोचेपर्यंतचा सल्ला देणारे या शहरात पुष्कळ आहेत. पोचल्यानंतर चार वर्षांनी नियम बदलला, तर त्या घराच्या मनाचे काय होते, हा भाग मात्र माझ्यासारख्या समुपदेशकांच्या वाट्याला येतो.

पहिले उत्तर असे की, हो, हे खरे असते. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसासाठी, म्हणजे ज्याला तिथे 'स्किल्ड वर्कर' म्हणतात त्यासाठी, २०२३ मध्ये किमान वार्षिक पगार २६,२०० पौंड लागत असे. ४ एप्रिल २०२४ पासून ही रेषा ३८,७०० पौंडांवर गेली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंडांवर. शिवाय त्या त्या कामाचा स्वतंत्र ठरलेला दर असतो. दोहोंपैकी जो आकडा मोठा असेल तो लागू होतो. साधारण सव्वादोन वर्षांत झालेली ही वाढ सुमारे साठ टक्क्यांची आहे, आणि इतक्या काळात कोणत्याही प्रामाणिक कर्मचाऱ्याचा पगार आपोआप साठ टक्के वाढत नाही. ऑस्ट्रेलियातही कुशल कामगारांसाठीची पगाराची रेषा २०२३ च्या जुलैत ५३,९०० डॉलरवरून एकदम ७०,००० वर नेली गेली आणि पुढे २०२५ च्या जुलैत ती ७६,५१५ झाली. नियमांचे बारकावे देशागणिक बदलतात. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांची घालमेल फारशी बदलत नाही.

ज्याची हकिगत सांगणार आहे त्याला मिहिर म्हणू. त्याचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि काही महिन्यांचे बोलणे येथे थोडक्यात आणले आहे.

प्रथम आले ते त्याचे आईवडील. वडील नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि हिशेबाचे गृहस्थ. आईचे म्हणणे थोडक्यात होते: "ताई, तो रात्री तीनला जागा असतो. फोनवर 'मस्त चाललंय' म्हणतो, पण आवाज मस्त नसतो." वडिलांची अडचण निराळी होती. मुलाचा पगार ३६,००० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने चाळीस लाखांच्या आसपास. "चाळीस लाख मिळवणाऱ्याला पगार कमी म्हणून कोण परत पाठवतं? याने तिथे काही तरी केलं असणार आणि आपल्यापासून लपवतोय," असे त्यांनी मला खालच्या आवाजात, पण ठामपणे सांगितले. शिवाय मुलगा २०२१ मध्ये गेला, म्हणजे २०२६ मध्ये पाच वर्षे होऊन तो तिथे कायमचा होणार, असे त्यांनी गृहीत धरले होते आणि लग्नाच्या बायोडेटात 'यूकेमध्ये स्थायिक' असे लिहूनही टाकले होते.

या दोन्ही समजुती मी पुष्कळ घरांत पाहिल्या आहेत, म्हणून त्यांविषयी येथेच लिहिते. पौंडांचे रुपये करून पगार मोजू नये, कारण रेषा पौंडांत आहे आणि घरभाडेही पौंडांतच जाते. आणि पाच वर्षांची गणती विद्यार्थी म्हणून काढलेल्या वर्षापासून सुरू होत नाही. शिक्षणानंतर मिळणाऱ्या दोन वर्षांच्या 'ग्रॅज्युएट' व्हिसाचा काळही तीत धरला जात नाही. मिहिरची गणती २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याला कुशल कामगार व्हिसा मिळाला तेव्हा सुरू झाली होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सरकारने ही पाच वर्षे दहा करण्याचा विचारही जाहीर केला.

मिहिर स्वतः व्हिडिओ कॉलवर बोलू लागला तेव्हा मला दिसला तो थकलेला, अतिशय सभ्य, आणि आकडे तोंडपाठ असलेला मुलगा. इंग्लंडच्या मध्य भागातील एका छोट्या कारखान्यात तो गुणवत्ता-तपासणीचे काम पाहत होता. शिक्षण नुकतेच संपवून नोकरीला लागणाऱ्यांना पगाराच्या अटीत सूट मिळते. तिच्या आधाराने त्याचा व्हिसा झाला होता. ही सूट ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षे धरून एकूण चारच वर्षे मिळते. म्हणजे २०२७ च्या फेब्रुवारीनंतर त्याला पूर्ण रेषा लागू होणार होती आणि त्याचा पगार तिच्या ५,७०० पौंड खाली होता. रेषा देशभर एकच असते. लंडनचा पगार वेगळा आणि लहान गावातला वेगळा, याची ती दखल घेत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी तो दर शनिवारी जादा काम करत होता. जादा कामाचे पैसे या रेषेच्या हिशेबात धरले जात नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

"ठाऊक असूनही करतोस?"

"मॅडम, काही न करता बसवत नाही."

"मुदत संपताना कंपनी पगार वाढवणार का, हे त्यांना विचारलं आहेस?"

"नाही."

"का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "विचारून काय होणार? मी तेवढ्या लायकीचा असतो तर त्यांनी आपणहून दिला असता. सरकारनेही तेच सांगितलंय ना, की मी तेवढा कुशल नाही."

या वाक्यापाशी मी थांबले, कारण मला बाकी साऱ्या तक्रारींचे मूळ तिथे दिसत होते. रात्रीची जाग, शनिवारचे निरर्थक कष्ट, घरी खोटे बोलणे, साहेबांना न विचारणे, या सगळ्यांमागे एकच निष्कर्ष होता: आकड्यात बसत नाही, म्हणजे मी बसत नाही. व्हिसाची काळजी कोणालाही वाटेल आणि वाटावीही. ती माणसाला कागद तपासायला आणि पर्याय शोधायला लावते. मिहिरला मात्र लाज वाटत होती, आणि लाज माणसाला प्रश्न विचारू देत नाही. ज्या चौकशीला फार तर दहा मिनिटे लागली असती, ती त्याने कित्येक महिने टाळली होती.

मी ज्या विचारपरंपरेत तयार झाले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आहे. माणसाच्या कामाचे मूल्यमापन करता येते, पण संपूर्ण माणसाला एक गुण देऊन मोकळे होता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन मला इतक्या वर्षांनंतरही समुपदेशनातील सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. मात्र हे वाक्य ऐकवून कोणाचेही समाधान होत नाही. माणसाला त्याच्या स्वतःच्या अनुभवातून पुरावा सापडावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी मी मिहिरला त्याच्या विभागाविषयीच विचारत राहिले.

"तुझ्याच कामावर आणखी कोण आहे?"

"एक केरळचा आहे. २०२२ मध्ये आला. आमचा पगार जवळपास सारखाच. माझा थोडा जास्त असेल."

"त्याच्या व्हिसाचं काय?"

"त्याचा वाढून मिळाला. तो एप्रिल २०२४ च्या आधीपासून या व्हिसावर आहे, त्यामुळे त्याला जुन्या लोकांची रेषा लागते. ३१,३०० ची."

"म्हणजे काम एक, पगार जवळपास एक. त्याला राहता येतं आणि तुला येणार नाही. मग तुम्हा दोघांत जास्त कुशल कोण?"

मिहिर चक्क हसला. "मॅडम, नवं मोजणी-यंत्र त्याला मी शिकवलंय."

"आणि तिथलाच एखादा इंग्रज माणूस आहे का त्या विभागात?"

"आहेत दोघे. त्यांना माझ्याहून कमी मिळतात." एवढे बोलून तो गप्प झाला. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पुढचे वाक्य सुचवण्याचा मोह टाळायचा असतो, आणि हे संयमाचे काम मला आता बऱ्यापैकी साधते असे म्हणायला हरकत नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच सावकाश म्हणाला, "त्यांच्यासाठी रेषाच नाही. मग ही रेषा कुशलतेची कशी असेल?"

त्यानंतर मी त्याला रेषा आली कुठून ते सांगितले. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी ३८,७०० चा आकडा जाहीर केला, तो देशात येणाऱ्यांची संख्या कमी करण्याच्या योजनेचा भाग म्हणून. त्या दर्जाच्या नोकऱ्यांतील मधल्या पगाराशी तो जोडलेला होता. मधला पगार म्हणजे निम्मी माणसे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली असतात तो. म्हणजे रेषा आखली त्या क्षणीच तशा कामांवरचे जवळजवळ निम्मे लोक, त्यांत तिथे जन्मलेलेही आले, तिच्या खाली होते. पुढे सरकार बदलले आणि नव्या सरकारने रेषा आणखी वर नेली. हे धोरण योग्य की अयोग्य, यावर माझे मत आहे, पण ते समुपदेशनाच्या खोलीत मी आणत नाही. मिहिरला दिसायला हवे होते ते एवढेच, की या आकड्यामागे संख्येचे राजकारण आणि पगारांची आकडेवारी आहे, आणि आकडा ठरवताना कोणीही त्याच्याकडे पाहिलेले नाही.

येथून काम व्यवहाराचे झाले. साहेबांशी काय बोलायचे याची आम्ही तालीम केली. साहेब मी झाले आणि जमेल तितकी रुक्ष झाले. विनवणी करायची नाही, स्वतःचे गुणगान करायचे नाही. २०२७ च्या फेब्रुवारीत कोणता आकडा लागेल, कंपनी तिथवर जाऊ शकते का, आणि नसेल तर ते कधीपर्यंत कळेल, एवढेच विचारायचे. त्याने विचारले. उत्तर आले की ३९,००० पर्यंत जाता येईल, त्यापुढे नाही, कारण एकाला वाढवले तर विभागातील सगळ्यांना वाढवावे लागेल. नकार मिळाल्यावर तो कोसळेल की काय, अशी त्याच्या आईला भीती होती. त्या रात्री तो सात तास झोपला.

अशा प्रसंगातून जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना माझे सांगणे असे आहे की, आधी कुशल कामगार व्हिसावर पहिल्यांदा कोणत्या तारखेला गेलात ते पाहा, कारण त्या तारखेवरून तुमची रेषा ठरते आणि शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असे नाही. रुग्णालये आणि आरोग्यसेवेतील कामांचे आकडे निराळे व कमी आहेत. हिशेबात कर कापण्यापूर्वीचा, हमी असलेला पगार धरला जातो. परदेशी माणसाला नोकरी देण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटनचे गृहखाते सर्वांसाठी खुली ठेवते. नवी नोकरी शोधताना ती आधी उघडावी. नोकरी सुटली तर व्हिसाची मुदत बहुधा साठ दिवसांवर आणली जाते, म्हणून राजीनामा रागाच्या भरात देऊ नये. नियमाविषयी शंका असेल तर तिथल्या नोंदणीकृत सल्लागारालाच विचारावे. मी मनाची माणूस आहे, कायद्याची नाही.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. कागदावर पगार वाढवून दाखवायचा आणि वरचे पैसे मालकाला रोखीने परत करायचे, असा 'मार्ग' सुचवणारे लोक भेटतात. मिहिरलाही असा एक जण भेटला होता, आणि लाजेने ग्रासलेल्या त्या दिवसांत तो जवळजवळ तयार झाला होता. ही फसवणूक आहे. उघड झाली तर व्हिसा जातोच, आणि पुढचे दरवाजेही बंद होतात. ज्याला स्वतःविषयी ठीक वाटते त्याला अशा माणसाचे बोलणे लगेच खटकते. म्हणून मुलाला "पुढचं काय ठरवलंस?" असे रोज विचारण्यापेक्षा "आज जेवलास का, कोणाशी बोललास?" असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण पहिला प्रश्न ऐकून मुले खोटे बोलायला शिकतात.

शेवटी तिघेही एकत्र बोलले. मिहिरने सगळे आकडे वडिलांसमोर मांडले. ते ऐकून वडिलांनी कागद ओढला आणि पहिला प्रश्न विचारला तो शैक्षणिक कर्ज किती उरले याचा. मुलगा हप्त्यापेक्षा जास्त भरत आला होता, हे त्यांना तेव्हा प्रथमच समजले. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. तू तुझं बघ." सरदार घराण्यांच्या मागोमाग दोन-अडीच शतकांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या आपल्या समाजात स्थलांतर अभिमानाने सांगितले जाते आणि परतणे मात्र दबक्या आवाजात, हे त्या गृहस्थांनी एका वाक्यात बाजूला सारले. बायोडेटातली ओळ आईने दुसऱ्याच दिवशी बदलली.

सध्या मिहिर मोठ्या कंपन्यांत अर्ज करतो आहे आणि शनिवारी घरी असतो. २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत ४१,७०० च्या वरची नोकरी मिळाली नाही तर परतीची तयारी सुरू करायची, असे घरात ठरले आहे, म्हणजे फेब्रुवारीची मुदत अंगावर येणार नाही. वडिलांनी उत्साहाने हालोलच्या कारखान्यांतील ओळखी काढायला सुरुवात केली तेव्हा मिहिरने त्यांना फोनवर सांगितले, "बाबा, अजून नाही. वेळ आली की मीच सांगेन." वडील थोडे रागावले आहेत. पुढच्या भेटीत त्यावर बोलू.