सोलर आणि पवनचक्की जोडून घर वर्षभर चालतं का? एक किलोवॉटची चक्की किती पॅनेलांच्या बरोबरीची धरायची?

चालतं. पण एक किलोवॉटची चक्की म्हणजे एक किलोवॉटची पॅनेलं, हा हिशेब आधी सोडा. चक्कीवर छापलेला आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे वारा १२ वरून ४ वर आला की शक्ती सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते. दोन मीटर व्यासाच्या चक्कीतून तेव्हा ३०-३५ वॉट मिळतात. छतावर तर चक्की बसवूच नका: तिथला वारा भोवऱ्यांचा असतो, शिवाय कंपनं घरभर उतरतात. पात्यांचं खालचं टोक ९० मीटरच्या आतल्या सगळ्या झाडाघरांपेक्षा ९ मीटर तरी वर हवं.

आता ज्यावरून माझं बसवणाऱ्यांशी कायम वाजतं तो मुद्दा. बॅटरी भरल्यावर चक्कीचं काय करायचं? "सोलरचा कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) आहे ना, तो तोडेल" असं सांगतात, आणि ते साफ चूक आहे. पॅनेल तोडलं तर ते नुसतं उन्हात तापत राहतं. चक्कीचा भार काढला तर तिला रोखणारं काहीच उरत नाही. फेरे वाढतात, व्होल्टेज चढत जातं, रेक्टिफायर (चक्कीची एसी वीज डीसी करणारा भाग) किंवा कंट्रोलर जळतो, आणि वादळ असेल तर पातीही जातात. म्हणून चक्कीला स्वतःचा डम्प लोड, म्हणजे जादा वीज उष्णता करून संपवणारा भार हवा, तिच्या कमाल क्षमतेच्या किमान सव्वापट पेलणारा. ती वीज पाणी तापवायला वापरणं चांगलंच, पण टाकी तापली की थर्मोस्टॅट सर्किट तोडतो आणि चक्की पुन्हा मोकळी. तेव्हा हीटर तुटला की भार घ्यायला हवेत तापणारे रेझिस्टर ठेवा, आणि तेही लाकूड-प्लास्टिकपासून दूर, हवा खेळती राहील असे.

सेटिंगचा क्रम चुकला तर चांगलं सामानही फुकट जातं. १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बँकेला मी सोलरची मर्यादा ५५.२ व्होल्ट आणि डम्प ५६ ला ठेवतो. बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट, साधारण ५८.४ ला तोडतो. सोलर आधी आपोआप मागे सरतो, मग चक्कीची जादा वीज डम्पमध्ये जाते. हे आकडे उलटे ठेवले आणि डम्प बॅटरीच्या टोकांवर बसवलेला असला, तर दिवसभर पॅनेलांची वीजसुद्धा रेझिस्टर तापवण्यात जाते आणि तुम्ही बॅटरी खराब झाली म्हणून शोध घेत बसता.

त्याहून वाईट म्हणजे बीएमएसनेच मधे तोडणं. एखादा सेल व्होल्टेजमध्ये इतरांपुढे गेला किंवा सेलचं तापमान शून्याखाली गेलं की तो चार्जिंग बंद करतो, मग बँकेचं एकूण व्होल्टेज काहीही असो. त्या क्षणी चक्कीचं व्होल्टेज थेट इन्व्हर्टरवर येतं. म्हणून चक्कीच्या बाजूचं व्होल्टेज पाहून डम्प चालू करणारा कंट्रोलर घ्या. त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजा.

चक्कीचा ब्रेक म्हणजे तिन्ही फेज, तिच्यातून येणाऱ्या तीन तारा, एकमेकांना शॉर्ट करणं. वादळाचा अंदाज असेल तर वारा पडलेला असतानाच तो लावून ठेवा. भर वाऱ्यात लावला तर वाइंडिंग जळू शकतं आणि चक्की थांबेलच असंही नाही. बॅटरीची कुठलीही तार सोडवण्याआधी चक्कीला ब्रेक आणि पॅनेलांचा डीसी स्विच बंद, हाच क्रम. डीसीसाठी डीसीचेच ब्रेकर वापरा. एसीचा ब्रेकर डीसीची ठिणगी विझवू शकत नाही.

वर्षभराचं म्हणाल तर वार्षिक सरासरी बघू नका. ज्या महिन्यात ऊन आणि वारा दोन्ही कमी, त्या महिन्याच्या रोजच्या युनिटांवर पॅनेलं आणि बॅटरी ठरवा. ढगाळ ऋतूत वारा वाहत असेल तरच ही जोडी शोभते. टॉवरच्या उंचीवर वाऱ्याची वर्षाची सरासरी सेकंदाला ४.५ मीटरच्या खाली असेल तर चक्कीचे पैसे पॅनेलांत आणि बॅटरीत घाला, हे मी चक्कीचा कट्टर समर्थक असूनही सांगतो.

एक राहिलं: वरचे व्होल्टेजचे आकडे लेड अ‍ॅसिडला लावू नका, तिथे बॅटरीच्या कागदावरचेच धरा आणि तापमानाची भरपाई (तापमानाप्रमाणे चार्जिंगचं व्होल्टेज बदलणारी सेटिंग) चालू ठेवा. टॉवरच्या ताणतारा आणि पात्यांचे बोल्ट पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर लगेच तपासा, नव्या तारा तेव्हाच सैल पडतात.