वारस, दावेदार, तोतया: लोहसिंहासनाच्या भांडणातले मराठी शब्द

प्रश्न: ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आणि ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकांवर मराठीत वाद घालताना सिंहासनावर हक्क सांगणाऱ्याला कुणी वारस म्हणतं, कुणी वारसदार, कुणी उत्तराधिकारी, तर कुणी दावेदार. हे शब्द समानार्थी आहेत का? आणि राजा रॉबर्टनंतर गादीवर बसलेल्या जॉफ्रीला ‘तोतया राजा’ म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर: समानार्थी नाहीत, आणि जॉफ्री तोतया नाही. या कथेतलं भांडण मुळात या शब्दांमधल्या फरकावरच उभं आहे, म्हणून ते सरमिसळ करून वापरले की वादातला मुद्दाच हरवतो.

पहिल्या पर्वातला मृत्युपत्राचा प्रसंग आठवा. रानडुकराने फाडलेला राजा रॉबर्ट अंथरुणावरून मजकूर सांगतोय आणि त्याचा मित्र नेड स्टार्क लिहून घेतोय. रॉबर्ट सांगतो ‘माझा मुलगा जॉफ्री’, नेड कागदावर उतरवतो ‘राइटफुल एअर’, म्हणजे ‘खरा वारस’. जॉफ्री रॉबर्टचा मुलगा नाही हे नेडला कळलेलं असतं, पण मरणाऱ्या मित्राला ते सांगवत नाही. हे वाक्य मराठीत मी असं करेन: ‘खरा वारस सज्ञान होईपर्यंत नेडने राज्य सांभाळावं.’

‘कायदेशीर वारस’ इथे चालणार नाही. राणीच्या पोटी, लग्नाच्या बंधनात जन्मलेला जॉफ्री जगाच्या आणि कायद्याच्या नजरेत वारसच आहे. तो शब्द वापरला तर नेडने काहीच बदललं नाही असं होईल. ‘हक्काचा वारस’ही बेताचाच, कारण ‘हक्काचं घर’, ‘हक्काचा माणूस’ यांत हक्कापेक्षा आपलेपणाची खात्री जास्त असते. ‘खरा’ हाच शब्द नेडला हवं ते बोलतो आणि हवं ते लपवतोही. पुढचा भाग पुष्कळजण ‘वयात येईपर्यंत’ असा करतात. तो टाळावा. मराठीत वयात येणं हे शरीराचं असतं. कारभार हाती घेण्याचं वय सांगायला ‘सज्ञान’ हा शब्द आहे. सातबाऱ्यावर अल्पवयीनाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहिलेलं असतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. नेडला मिळालेलं काम नेमकं तेच आहे, फक्त सात राज्यांचं.

आता ‘वारस’. हा अरबीतून आलेला शब्द माणसाचाच वाचक आहे. जे मिळतं तो वारसा. वारस जन्माने किंवा कायद्याने ठरतो, प्रत्यक्ष काही हाती पडो वा न पडो. गावात माणूस वारला की तलाठ्याकडच्या गाव नमुना ६ क मध्ये वारसांची नोंद होते, ती जमिनीचा ताबा कुणाकडे आहे हे पाहून नव्हे. म्हणून स्टॅनिस लोहसिंहासनावर एक दिवसही बसला नाही तरी तो रॉबर्टचा वारस आहे: रॉबर्टला औरस मूल नाही, मग पाठचा भाऊ. ‘वारसदार’ला काहींचा आक्षेप असतो, की वारस म्हणजेच माणूस, मग त्याला पुन्हा ‘दार’ कशाला. व्युत्पत्तीने आक्षेप बरोबर आहे, पण ‘वारसा असलेला’ अशी फोड करून शब्द पक्का रुजला आहे. चूक म्हणू नये. मी मात्र ‘वारस’च लिहितो, अक्षरं दोन कमी आणि अर्थ तोच.

‘उत्तराधिकारी’ वेगळा. उत्तर म्हणजे नंतरचा: आधीच्या माणसानंतर त्याच्या पदावर अधिकाराने आलेला. रक्ताची अट नाही. शंकराचार्यांना उत्तराधिकारी असतो, त्यांचा वारस आपण म्हणत नाही. ‘जॉफ्री रॉबर्टचा उत्तराधिकारी झाला, पण वारस नव्हता’ या वाक्याचे दोन्ही भाग खरे आहेत, आणि ते एका शब्दात सांगता येत नाहीत. आठव्या पर्वाच्या शेवटी सरदार मिळून नेडचा मुलगा ब्रॅन याला राजा निवडतात. तोही उत्तराधिकारी, वारस कुणाचाच नाही. हिंदीत ‘उत्तराधिकारी’ दोन्ही कामं करतो, तिथूनच मराठीतला हा गोंधळ वाढला असावा.

‘दावेदार’ म्हणजे हक्क सांगणारा, मग तो हक्क असो वा नसो. रॉबर्टचा धाकटा भाऊ रेन्ली हे त्याचं स्वच्छ उदाहरण: थोरला भाऊ स्टॅनिस जिवंत असताना त्याला वारसाहक्काने काहीच मिळत नव्हतं, पण टायरेल घराण्याची फौज पाठीशी होती. उलट रॉब स्टार्क आणि बेलन ग्रेजॉय यांना दावेदार म्हणणं चूक आहे. रॉबर्टच्या मृत्यूनंतर पेटलेल्या पाच राजांच्या युद्धात ते राजे होते, पण लोहसिंहासन त्यांना नकोच होतं. त्यांना आपला मुलूख वेगळा हवा होता. ते ‘फुटून निघालेले’ राजे.

आता तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एकजण पुढे आला, त्याचं बंड मोडून १७७६ मध्ये त्याला ठार केलं. मराठी माणसाच्या मनात हा शब्द त्या प्रकरणाशी बांधलेला आहे. तोतया म्हणजे दुसऱ्याचं नाव आणि ओळख घेतलेला. जॉफ्री जॉफ्रीच आहे. बाप कोण याबद्दल जग फसलंय, आणि तो स्वतःही रॉबर्टलाच बाप मानतो. तोतया हा आरोप गादीच्या भांडणात किती उपयोगी पडतो, हे आपल्याकडेच दिसतं: १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने ‘हे शाहू खरे नव्हेत’ असाच पवित्रा घेतला होता. स्टॅनिसने जॉफ्रीवर केलेला आरोप तो नव्हे. तो जन्माबद्दलचा आहे, ओळखीबद्दलचा नाही.

जन्माबद्दल बोलायचं तर ‘अनौरस’ पुरे. (पती हयात असताना परपुरुषापासून झालेल्या मुलाला मनुस्मृतीत ‘कुंड’ असा नेमका शब्द आहे, पण आज तो कुणाला कळणार नाही. ‘लेकावळा’ बटकीच्या संततीसाठी, तो जॉफ्रीला लागू नाही.) इथे एक गंमतीची गाठ आहे. सहाव्या पर्वातली, नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला जॉन आणि बोल्टन सरदाराचा अनौरस मुलगा रॅमसे यांची झुंज ‘अनौरसांची लढाई’ म्हणून ओळखली जाते. पण रॅमसेला चौथ्या पर्वातच राजाच्या हुकमाने बोल्टन हे आडनाव मिळालं होतं, आणि जॉनच्या आईवडिलांचं लग्न झालं होतं हे सातव्या पर्वात उघड होतं. म्हणजे एक हुकमाने औरस, दुसरा जन्माने औरस, आणि त्या दिवशी हे दुसरं मैदानात कुणालाच ठाऊक नव्हतं. मराठीत लढाईचं नाव तेच ठेवावं. पात्रांबद्दल लिहिताना मात्र हा भेद पाळावा.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मधला पेच निराळा: राजा व्हिसेरीस मुलगी रेनीरा हिला वारस नेमतो, सरदारांकडून शपथा घेतो, आणि नंतर त्याला मुलगा होतो. जन्माने ठरलेला मोठा की नेमलेला, हा तिथला वाद. रेनीराला ‘युवराज्ञी’ म्हणू नये, मराठी वाचक त्याचा अर्थ युवराजाची बायको असा घेतो. ‘वारस’ तो आणि ती दोघांनाही चालतो: ‘रेनीरा वारस ठरली.’ पुढच्या युद्धाच्या नावाचं ‘ड्रॅगनांचं नृत्य’ असं भाषांतर वाचवत नाही. आपल्याकडे यादवी आहे, एकाच कुळाने एकमेकांना संपवणं. व्हिसेरीसच्या हयातीत जे चालतं ती भाऊबंदकी. त्याच्या मृत्यूनंतर वादळात रेनीराचा मुलगा ल्युसेरीस मारला जातो आणि तिथून यादवी.

लढायांबद्दल थोडक्यात. पाच राजांचं ते युद्ध, ब्लॅकवॉटरची ती लढाई. युद्धात लढाया असतात. ब्लॅकवॉटरला ‘वेढा’ म्हणू नका. स्टॅनिस राजधानी कोंडून बसला नाही, आरमार जळाल्यावरही शिड्या लावून तटावर चढला. त्याला सुलतानढवा म्हणतात. आरमार जाळणाऱ्या त्या हिरव्या द्रवाला (मूळ नाव ‘वाइल्डफायर’) ‘वणवा’ म्हणणं तर साफ चूक, वणवा रानाला लागतो. ‘हिरवी आग’ म्हणावं. अनौरसांच्या लढाईत जॉनची फौज ढालींच्या भिंतीत सापडते ती ‘कोंडी’, आणि व्हेल प्रांताचे स्वार येतात ती ‘कुमक’. हे स्वार बोल्टनच्या ‘बगलेवर’ तुटून पडले असं लिहिता येईल, पण ‘बगल दिली’ असं लिहिलंत तर ते लढाई टाळून निघून गेले असा अर्थ होईल.