सोलापुरात यंत्रमागाची रात्रपाळी करून तब्येत आणि मन दोन्ही कसं सांभाळावं? सुरुवात जिमपासून करू की डाएटपासून?

दोन्हीपासून नको, झोपेपासून करा. माझे वडील वर्षानुवर्षं मागावर रात्रपाळी करायचे. सकाळी ते घरी आले की आई खिडकीवर जाड चादर टांगायची, अंधार करायची आणि आम्हा पोरांना बाहेर पिटाळायची. बोळात विटी-दांडू खेळतानाही आम्ही हळू बोलायचो. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागतेच. ती रोज तुटली की भूक, चिडचिड, रक्तदाब सगळंच बिघडत जातं. तुम्हीही खोलीत अंधार करा, फोन बाहेर ठेवा.

खाण्यात महागडं काही नको. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या दारात आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. शेंगाचटणी जरूर खा, पण बेतानं. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात चटणी, लोणचं, पापड सगळं आलं.

आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चाललात तरी पुरे. सिद्धेश्वर तलावाकडे संध्याकाळी, पाळीला जायच्या आधी चाला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ऊन कलल्याशिवाय निघू नका. शेजारच्या कुणाला तरी सोबत घ्या, कारण रात्रपाळीचा माणूस हळूहळू एकटा पडतो. वडिलांचं तेच झालं होतं, आणि आमच्या ते फार उशिरा लक्षात आलं. दोन आठवडे मन उदासच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.