प्रश्न वाचकांचे: ‘दबंग ३’, महेश्वरचा घाट आणि तिकीटबारी

प्रश्न: २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘दबंग ३’चे चित्रीकरण पाहण्यासाठी आम्ही काही मित्र इंदूरहून महेश्वरला गेलो होतो. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे चित्रपट पाहिला तेव्हा मात्र घाट शीर्षकगीतातच संपल्यासारखा वाटला. एवढा खटाटोप इतक्या थोड्या दृश्यांसाठी का करावा लागतो? आणि उत्तर प्रदेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या कथेला महेश्वर कशासाठी हवे होते?
— एक वाचक, मल्हारगंज, इंदूर

उत्तर: पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्या ध्वनिक्षेपकांवर वाजवले जाते आणि नट व नर्तक त्यावर ओठ व पाय हलवतात. त्याच चार ओळी एकदा क्रेनवरून, एकदा नदीच्या बाजूने, एकदा पायऱ्यांवरून आणि मग अगदी जवळून टिपल्या जातात. दर खेपेला नर्तकांच्या रांगा, कपड्यांच्या चुण्या आणि ऊन आधीच्या तुकड्याशी जुळले पाहिजे. घाटावर हे फार अवघड जाते, कारण ऊन सरकले की पायऱ्यांच्या सावल्या सरकतात आणि सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडला की सांधा डोळ्यांत खुपतो. त्यामुळे चार-पाच मिनिटांच्या गाण्याला कित्येक दिवस लागणे मुळीच आश्चर्याचे नाही. त्यात निमाडचा, म्हणजे महेश्वरच्या परिसराचा, एप्रिल. दुपारी तिथल्या दगडावर अनवाणी पाऊल टेकवत नाही, हे आपण अनुभवलेच असेल.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१० सालचा पहिला ‘दबंग’ उत्तर प्रदेशातल्या लालगंजची गोष्ट सांगतो, पण त्याचे बरेचसे चित्रीकरण सातारा जिल्ह्यातल्या वाईत झाले. त्याआधी २००३ च्या ‘गंगाजल’मध्ये हाच वाई-सातारा परिसर बिहार म्हणून उभा राहिला होता, आणि तोही पोलीस अधिकाऱ्याचाच चित्रपट होता. म्हणजे कृष्णाकाठ आणि नर्मदाकाठ असे मराठी माणसांनी बांधलेले दोन घाट या मालिकेत गंगेच्या प्रदेशाचे सोंग घेऊन उभे राहिले. हे सोंग पडद्यावर पटते, कारण साम्य खरेच आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, किल्ल्याखालचे घाट बांधवले, आणि काशीला विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारून तिथेही घाट बांधला. एकाच राजवटीचा आश्रय लाभलेले दगडकाम दोन्ही नद्यांवर आहे; त्यामुळे प्रेक्षकाची नजर फसते ती उगाच नव्हे. मुंबईहून इंदूरपर्यंत विमान, तिथून सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता आणि काशीच्या मानाने कमी वर्दळ, या सोयी निर्मात्यांच्या दृष्टीने वेगळ्याच.

चित्रीकरणाच्या काळात घाटावरच्या शिवलिंगावर लाकडी तख्त ठेवल्याचे छायाचित्र पसरले आणि मोठा वाद झाला. पिंडीला धक्का लागू नये म्हणून तख्त ठेवले होते, असा खुलासा चित्रपटाचे नायक सलमान खान यांनी केला आणि तख्त काढण्यात आले. हेतू संरक्षणाचा होता हे मान्य केले तरी माझे मत स्पष्ट आहे: जिथे लोक रोज पाणी घालतात, बेल वाहतात, ती जागा नाचाच्या आखणीतून आधीच वगळायला हवी होती. याच चित्रपटासाठी मांडूच्या जलमहालात उभारलेल्या बांधकामावरूनही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने नोटीस काढली होती. हे दोन्ही प्रसंग टाळता येण्यासारखे होते. चित्रपटांना आपल्या भागात अवश्य बोलवावे, पण कुठे काय उभारता येईल आणि कुठे मुळीच नाही, याचा नकाशा स्थानिक जाणकारांना बरोबर घेऊन आधी आखावा.

प्रश्न: ‘दबंग ३’ने १४० कोटींहून अधिक गल्ला जमवला असे वाचले. तरीही सगळे त्याला अपयशी म्हणतात. इतका पैसा मिळवूनही चित्रपट पडतो कसा?
— एक वाचक, देवास

उत्तर: गल्ला म्हणजे निर्मात्याच्या हाती आलेला पैसा नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. आपण बहुपडदा चित्रपटगृहात (मल्टिप्लेक्समध्ये) दोनशे रुपयांचे तिकीट काढले असे समजा. जानेवारी २०१९ पासून शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो वजा केला की सुमारे १६९ रुपये उरतात. वृत्तपत्रांत ‘निव्वळ कमाई’ म्हणून जो आकडा येतो तो या १६९ रुपयांचा. त्यातला पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा हिस्सा वितरकाला जातो. २००९ मध्ये निर्माते आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यात दीर्घ संप होऊन जी तडजोड झाली, तिच्यानुसार हा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर ३० टक्के असा उतरत जातो. म्हणजे आपल्या दोनशे रुपयांतले जेमतेम ८५ रुपये वितरकाकडे पोहोचतात, आणि तेही आपण पहिल्याच आठवड्यात गेलात तर. मोठ्या नटाचा चित्रपट पहिल्या आठवड्यासाठी इतका जीव का टाकतो, ते यावरून कळावे. इंदूर हे मध्य भारताच्या, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘सी.आय.’ सर्किटच्या, वितरणाचे जुने केंद्र आहे. तिथल्या जुन्या मंडळींना हे गणित तोंडपाठ असते.

आता तुलना पाहा. पहिल्या ‘दबंग’ची देशातली निव्वळ कमाई १४० कोटींच्या आसपास होती. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने दीडशे कोटींचा टप्पा गाठला. तिसरा २० डिसेंबर २०१९ रोजी आला आणि १४६ कोटींच्या आसपास थांबला. नऊ वर्षांत तिकिटाचे दर किती चढले ते आपण जाणताच. आकडा जवळपास तोच राहिला याचा अर्थ चित्रपटगृहात गेलेली माणसे पुष्कळ कमी झाली. पहिल्या तीन दिवसांत ८० कोटींच्या पुढे गेलेला चित्रपट पुढच्या सगळ्या आठवड्यांत मिळून तेवढीही भर घालू शकला नाही.

बाहेरची कारणेही होती आणि ती नाकारू नयेत. त्याच आठवड्यात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध देशभर आंदोलने चालू होती, अनेक शहरांत जमावबंदी होती आणि उत्तर प्रदेशात, म्हणजे नायकाच्या स्वतःच्या मुलखात, ठिकठिकाणी इंटरनेट बंद होते. पुढच्याच शुक्रवारी, २७ डिसेंबरला, ‘गुड न्यूज’ आला आणि कुटुंबासह जाणारा प्रेक्षक तिकडे वळला. पण आवडलेला चित्रपट अशा अडचणींतून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सावरतो. हा सावरला नाही, याचे कारण चित्रपटातच शोधावे लागते.

प्रश्न: ‘दबंग ३’मध्ये नायक चुलबुल पांडेच्या वडिलांचे काम करणारे नट हुबेहूब विनोद खन्नांसारखे दिसतात. ते कोण?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: ते विनोद खन्ना यांचे बंधू प्रमोद खन्ना. विनोदजींचे २७ एप्रिल २०१७ रोजी निधन झाले. पहिल्या दोन्ही भागांतील प्रजापती पांडे त्यांनीच रंगवले होते.

प्रश्न: पहिला ‘दबंग’ आमच्या घरी आजही लागला की सगळे बसून पाहतात. तिसऱ्यात हाणामारी जास्त, खलनायक तगडा, गाणीही भरपूर. तरी मध्यंतरानंतर लक्षच लागेना. पोलिसांवरच्या चित्रपटांचे पुढचे भाग असे फिके का पडतात?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: आपल्या प्रश्नात ‘जास्त’ हा शब्द आला आहे, आणि दुखणे तिथेच आहे. अभिनव कश्यप यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट मुळात एका घराची गोष्ट आहे. सावत्र बाप धाकट्याला झुकते माप देतो, थोरला पोर मनात अढी धरून वाढतो, दम्याने बेजार झालेली आई दोघांच्या मध्ये उभी असते. चुलबुल पोलीस होतो, लाच खातो, गुंडांना बदडतो, पण त्याचे खरे भांडण स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या दरम्यान चाललेले असते. धाकट्याच्या लग्नाच्या मांडवात तो स्वतःच रज्जोशी लग्न लावून मोकळा होतो, तो प्रसंग आठवा. हसू येते, पण त्या हसण्याच्या तळाशी वर्षानुवर्षांची सल आहे.

शेवटची मारामारी पाहा. आईचा मृत्यू आपोआप झाला नव्हता, खलनायक छेदी सिंगने तिला मारले, हे चुलबुलला तिथेच कळते. संतापाने त्याचे अंग फुगते आणि अंगावरचा सदरा फाटतो. प्रेक्षागृहात शिट्ट्या पडल्या त्या नुसत्या शरीरसौष्ठवाला नव्हत्या. तिसऱ्या भागातही शेवटी नायक उघड्या अंगाने खलनायकासमोर उभा राहतो, सुदीप यांच्यासारखा भरदार नट समोर असतो, धक्के-बुक्के कितीतरी अधिक जोरकस आहेत. पण सदरा उतरण्यामागे जे घर होते ते कथेत उरलेले नाही. रज्जो, धाकटा भाऊ मक्खी, वडील ही सगळी माणसे चौकटीत हजर असतात आणि कथेला त्यांची गरज भासत नाही.

याची सुरुवात दुसऱ्या भागातच झाली होती. अरबाज खान यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात बाप-लेकांचे मनोमिलन होऊन सगळे कानपुरात एकत्र राहतात. घर आनंदी झाले ही चांगली गोष्ट, पण मग संघर्ष बाहेरून आणावा लागला. तो घेऊन आले प्रकाश राज, जे २००९ च्या ‘वाँटेड’मध्ये आणि २०११ च्या ‘सिंघम’मध्येही नायकासमोर खलनायक म्हणून उभे राहिलेले होते. नट उत्तम, पण प्रेक्षकाला त्यांची चाल आधीच ठाऊक झालेली.

प्रभुदेवा यांच्या हाती आलेल्या तिसऱ्या भागाने मागे वळून चुलबुलच्या तरुणपणाची गोष्ट सांगायचे ठरवले. विचार चुकीचा नव्हता. सई मांजरेकर यांनी साकारलेली खुशी आणि तिच्यावरचे त्याचे पहिले प्रेम यांतून आपल्याला माहीत नसलेला चुलबुल दिसू शकला असता. परंतु पूर्वकथेची एक अट असते: ती पाहून झाल्यावर जुना चित्रपट वेगळा दिसला पाहिजे. इथे तसे होत नाही. खुशीच्या मृत्यूचा एवढा मोठा आघात सोसलेल्या माणसाची एकही खूण पहिल्या भागातल्या त्या खट्याळ, बेफिकीर चुलबुलवर सापडत नाही, आणि तिसरा भाग ती का सापडत नाही हेही सांगत नाही. छायालेखक महेश लिमये यांनी पहिल्या भागाप्रमाणेच इथेही आपले काम चोख केले आहे. ‘नटरंग’ त्यांनीच टिपला होता आणि धूळ, उन्हाची तिरीप, दिव्यांचा पिवळा उजेड यांवर त्यांची पकड आहे; पण छायालेखक कथेतली पोकळी भरून काढू शकत नाही.

मला याची हळहळ वाटते ती इंदूरकर म्हणून. या चित्रपटाच्या नायकाचा जन्म इंदूरचा, त्यांचे वडील सलीम खान यांचाही. सलीम खान यांचे वडील इंदुरात पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे सलीम खान यांनी जावेद अख्तर यांच्याबरोबर १९७३ चा ‘जंजीर’ लिहिला, आणि लहानपणी आईबापांचा खून पाहिलेला इन्स्पेक्टर हिंदी पडद्यावर आला. घरातली जखम आणि अंगावरची वर्दी यांचा हा सांधा चाळीसहून अधिक वर्षे आपल्या पोलीसपटांना पुरला आहे. ‘दबंग ३’च्या चित्रीकरणाला आले तेव्हा सलमान आणि अरबाज यांनी आपले आजोबा याच मंडलेश्वर-महेश्वर भागात पोलीस सेवेत होते, याची आठवण जाहीरपणे काढली होती. संस्थानी काळातला एक पोलीस अधिकारी, त्याचे घर, त्याचा नर्मदाकाठ: केवढा ऐवज हाताशी होता! त्या घाटावर झाले ते केवळ शीर्षकगीत.

‘सिंघम’चेही असेच पाहावे. तमिळ चित्रपटावर बेतलेला असूनही २०११ चा पहिला भाग मराठी प्रेक्षकाने आपला मानला, तो नायक बाजीरावच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शिवगडच्या गावकऱ्यांमुळे. खलनायक जयकांत शिक्रे गावात येऊन दमदाटी करतो तेव्हा त्याला माघार घ्यायला लावतो तो एकटा नायक नाही, अख्खे गाव घराबाहेर पडते. २०१४ च्या पुढच्या भागात बाजीराव मुंबईत आला, शत्रू ढोंगी बाबा झाला, गाव मागे पडले. गाड्या अधिक उडाल्या आणि आठवण मात्र पहिल्याचीच राहिली.

प्रश्न: महेश्वरला चित्रित झालेल्या गाण्यातली साधूंची दृश्ये सेन्सॉरने कापली असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचिका, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर: नाही. नाचणाऱ्या साधूंच्या दृश्यांवर हिंदू जनजागृती समितीसारख्या संघटनांनी आक्षेप घेतला होता; लोकांच्या भावनांचा विचार करून काही दृश्ये आपण स्वेच्छेने काढत आहोत, असे निर्मात्यांनी प्रदर्शनाच्या तोंडावर जाहीर केले. प्रदर्शनानंतर लांबीबद्दल तक्रारी आल्या तेव्हा चित्रपटाची सुमारे नऊ मिनिटे आणखी कमी करण्यात आली. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर चित्रपटात काही वगळायचे किंवा घालायचे असेल तर तो बदल प्रमाणन मंडळाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो. त्यामुळे आपण पहिल्या दोन दिवसांत चित्रपट पाहिला असेल आणि आपल्या मैत्रिणीने नंतर, तर दोघींनी पाहिलेला चित्रपट थोडा वेगळा असू शकतो.