जनुकांची दुरुस्ती: सही करण्याआधी काय विचारावं?

प्रश्न: माझ्या 16 वर्षांच्या भाच्याला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी क्रिस्परच्या उपचाराचा विषय काढलाय. त्याच्या जनुकांत बदल केला तर तो पुढे त्याच्या मुलाबाळांत उतरेल का?

नाही. क्रिस्पर म्हणजे जनुकांतली ठरावीक जागा शोधून तिथे कापणारी सूक्ष्म ‘कात्री’. इथे हा बदल फक्त रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत होतो, शुक्रजंतूंना हात लागत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये 12 वर्षांवरच्या रुग्णांसाठी हा उपचार मान्य केला.

आधी प्लेरिक्साफॉर या औषधाचं इंजेक्शन देऊन मूळपेशी बोनमॅरोतून (हाडांतल्या मगजातून) रक्तात उतरवतात आणि यंत्राने गाळून घेतात. एका फेरीत पुरेशा पेशी मिळतीलच असं नाही, कित्येकांना दोनतीनदा बसावं लागतं. संपादित, म्हणजे जनुक बदललेल्या, पेशी दर किलो वजनामागे किमान 30 लाख लागतात. शिवाय काही बिनसलं तर परत चढवता याव्यात म्हणून दर किलोमागे 20 लाख न बदललेल्या पेशी गोठवून ठेवतात. प्रयोगशाळेत बीसीएल-11-ए या जनुकाचा एक नियंत्रक भाग कापला जातो. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर हे जनुक त्याला ब्रेक लावतं. ब्रेक सैल झाला की ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणं थांबतं.

म्हणजे सिकलसेलचं मूळ, जनुकातलं चुकलेलं अक्षर, जागच्या जागीच राहतं. भाचा बरा झाला तरी त्याच्या प्रत्येक मुलाला त्याच्याकडून सिकलसेलचं एक जनुक मिळणारच. जोडीदार वाहक (एकच सदोष जनुक असलेला, पण स्वतः आजारी नसलेला) असेल तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता निम्मी. लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करायची, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी बुसल्फान नावाची जबर केमोथेरपी देऊन जुना बोनमॅरो मोकळा करतात. तिच्यामुळे वंध्यत्व येऊ शकतं. त्यामुळे शुक्रजंतू गोठवून ठेवण्याची चर्चा केमोच्या आधी झालीच पाहिजे. सही पालकांची असली तरी 16 वर्षांच्या मुलाला हे स्वतंत्रपणे, आईवडील खोलीबाहेर असताना समजावून सांगायला हवं. आईसमोर तो हा विषय काढेल, अशी अपेक्षा धरू नका.

प्रश्न: आम्ही दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहोत. भ्रूणातच दुरुस्ती करून घेता आली तर पिढ्यानपिढ्यांचा त्रास संपेल. मग त्यावर बंदी का?

आधी तुमच्या हातात आज असलेला मार्ग. दोघं वाहक असाल तर दर चार भ्रूणांमागे सरासरी तीन आजारमुक्त असतात. आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) करून पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या काही पेशी तपासायच्या आणि आजार नसलेला भ्रूण निवडायचा, ही पद्धत बरीच वर्षं वापरात आहे. तिच्यात कोणाचंही जनुक बदलावं लागत नाही. आईवडील दोघांनाही आजारच असेल तर सगळेच भ्रूण बाधित निघतात. अशा जोडप्यांपुरता संपादनाचा मुद्दा खरोखर उरतो, पण ती फार थोडी आहेत.

आता दुरुस्तीत काय बिघडतं ते पाहा. 2015 मध्ये चिनी संशोधकांनी, मूल होऊच शकणार नाही अशा सदोष भ्रूणांवर थॅलेसेमियाच्याच जनुकाचा प्रयोग केला. 86 भ्रूणांपैकी 71 टिकले, 54 तपासले. त्यांतल्या 28 मध्ये कात्री नेमक्या जागी चालली, पण हवी ती दुरुस्ती मोजक्याच भ्रूणांत झाली. काहींत कात्री भलत्या ठिकाणीही चालली. क्रिस्परचा मार्गदर्शक धागा 20 अक्षरांचा असतो आणि त्याला 300 कोटी अक्षरांत जागा शोधायची असते. जवळपास तशीच अक्षरं दुसरीकडे सापडली तर तो तिथेही चिकटतो. पुढे आणखी एक धोका लक्षात आला: कापलेला धागा नीट जोडला गेला नाही, तर अख्खं गुणसूत्र किंवा त्याचा मोठा तुकडा गळून पडू शकतो.

आमच्या मते सगळ्यात अवघड अडचण वेगळीच आहे. कात्री चालेपर्यंत भ्रूणाच्या दोनचार पेशी झालेल्या असतात, त्यामुळे काही पेशी बदललेल्या आणि काही जुन्याच, असं मिश्रण तयार होतं. तपासणीसाठी काढतात त्या पेशी पुढे वार (प्लॅसेंटा) बनणाऱ्या भागातल्या असतात. त्या दुरुस्त निघाल्या म्हणून बाळ घडवणाऱ्या पेशीही दुरुस्त झाल्या, असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि तपासलेली पेशी तर नष्टच होते.

हे सगळं माहीत असूनही नोव्हेंबर 2018 मध्ये ‘हे च्यानक्वे’ नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने संपादित भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. वडिलांना एचआयव्ही होता. पण शुक्रजंतू धुऊन घेण्याच्या साध्या पद्धतीने बाळाला होणारी लागण टाळता येते. तरीही त्याने निरोगी भ्रूणांत सीसीआर-5 हे, एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणारं जनुक तोडायला घेतलं. निसर्गात काही लोकांत या जनुकातली नेमकी 32 अक्षरं गळालेली आढळतात. मुलींत तसा बदल झालाच नाही, वेगळेच बदल झाले आणि एकीत तर जनुकाची एकच प्रत बदलली. न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये त्याला 3 वर्षांची कैद आणि 30 लाख युआन दंड ठोठावला. नैतिकता समितीच्या मंजुरीचे कागद बनावट होते, हेही निकालात आलं. त्या मुलींना आयुष्यभर तपासण्यांना तोंड द्यावं लागेल आणि त्यांना विचारणं शक्यच नव्हतं. भ्रूणातल्या बदलांना आमचा विरोध आहे तो इथे.

प्रश्न: जनुकीय उपचाराच्या चाचणीचं 20 पानी संमतीपत्र हातात आलंय. त्यात नेमकं काय शोधायचं?

पहिल्या पानावर अभ्यासाचं नाव पाहा. चीनच्या त्या संमतीपत्रात प्रकल्पाला एड्सच्या लशीचा प्रकल्प म्हटलं होतं. जनुक बदलणार आहेत हे नावावरून कळायला मार्ग नव्हता. मग चाचणीचा टप्पा विचारा. पहिला टप्पा असेल तर उद्देश सुरक्षित मात्रा शोधण्याचा असतो, तुम्हाला बरं करण्याचा नव्हे. हा फरक डॉक्टरांनी तोंडी सांगितला तरी ऐकणाऱ्याच्या मनात ‘उपचार’ हाच शब्द राहतो. म्हणून तो त्यांच्याकडून लिहून घ्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत काय झालं, हा प्रश्न तर चुकवूच नका. 1999 मध्ये अमेरिकेत जनुकीय उपचाराच्या चाचणीत एक 18 वर्षांचा तरुण दगावला. माकडं दगावल्याची माहिती संमतीपत्रातून गळली होती, त्याच्या रक्तातलं अमोनियाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि प्रमुख संशोधकाचे त्याच क्षेत्रातल्या कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. तेव्हा ‘या कंपनीत तुमची भागीदारी आहे का?’ असं थेट विचारा. त्यात कसलाही उद्धटपणा नाही.

माघार कधी आणि कशी घेता येते, तेही पाहा. पेशी एकदा चढवल्या की काढून घेता येत नाहीत, पण पुढच्या तपासण्या नाकारण्याचा हक्क राहतो. बाहेर पडल्यास खर्च वसूल करू, असं कलम दिसलं तर सही करू नका. शेवटचं म्हणजे, संपादित पेशींच्या रुग्णांवर साधारण 15 वर्षं लक्ष ठेवतात. मधेच कंपनी बंद पडली तर ते कोण करणार आणि इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, ही दोन्ही उत्तरं लेखी हवीत.

प्रश्न: उद्या लोक उंच, हुशार मुलं ‘बनवून’ घेतील का?

उंचीशी संबंधित 12 हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले आहेत आणि एकेकाचा वाटा नगण्य आहे. अशी हमी कोणी विकत असेल तर ती फसवणूक आहे.

प्रश्न: आयव्हीएफनंतर उरलेले आमचे भ्रूण संशोधनाला दिले, तर त्यांतून कोणी बाळ जन्माला घालील का?

नियम पाळणाऱ्या प्रयोगशाळेत नाही. ब्रिटनच्या 1990 च्या कायद्यानुसार संशोधनातला भ्रूण जास्तीत जास्त 14 दिवस वाढवता येतो, कारण त्याच सुमारास शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते. तिथे 2016 मध्ये भ्रूण संपादनाच्या संशोधनाला परवाना मिळाला, तो गर्भाशयात रोपण न करण्याच्या अटीवरच. तुमच्याकडच्या अर्जात ‘संशोधन’ एवढाच मोघम शब्द असेल तर थांबा. जनुकांचं संपादन होणार का, भ्रूणाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशींचा साठा तयार करणार का, हे दोन मुद्दे वेगवेगळे विचारून घ्या. भ्रूण प्रत्यक्ष वापरला जाईपर्यंत संमती मागे घेता येते; त्यासाठी कोणाला कळवायचं, ते नाव आणि पत्ता अर्जावरच लिहून घ्या.